गढूळ तळें निवळतें कसें ?

हॉलंड देशांत व्हेक्ट नदीच्या परिसरांत झ्वेमलुस्ट नांवाचें एक लहानसें तळें आहे. विस्तार दीड हेक्टर, म्हणजे आपल्या मापानें पावणेचार एकर, आणि सरासरी खोली दीड मीटर. डच भाषेंत या नांवाचा अर्थ 'पोहण्याची हौस' असा होतो, आणि नांवाप्रमाणेंच आसपासचे लोक उन्हाळ्यांत तेथें पोहावयास जात. तळ्याच्या बुडाशीं पाणवनस्पति माजत व त्या पोहणाऱ्यांच्या हातापायांना वेढत. ही अडचण दूर करण्यासाठीं १९६८ सालीं पाण्यांत तणनाशक औषध घालण्यांत आलें. वनस्पति मेल्या. पण त्यांच्या पाठोपाठ पाण्याचा नितळपणाही गेला. नील-हरित शैवलांनीं तळें असें व्यापलें कीं उन्हाळ्यांत फूटभर खोलीच्या खालचें कांहीं दिसेनासें झालें. पुढें जवळजवळ वीस वर्षें तें तसेंच राहिलें.

१९८७ सालच्या मार्च महिन्यांत कांहीं संशोधकांनीं पंप लावून हें तळें उपसलें आणि त्यांतील मासे काढून घेतले. मग तळें पुन्हां भरूं दिलें, पाईक जातीच्या शिकारी माशाचीं पिलें सोडलीं, त्यांना दडण्यास जागा असावी म्हणून विलो झाडाच्या फांद्यांच्या मोळ्या पाण्यांत टाकल्या, आणि वाट पाहिली. त्याच उन्हाळ्यांत तळ्याचा तळ दिसूं लागला. पाण्यांत कोणतेंही औषध घातलेलें नव्हतें. व्हेक्ट नदीचें घाण पाणी जमिनींतून पाझरून तळ्यांत येत असे, तेंही बंद केलेलें नव्हतें. बदलले होते ते मुख्यत्वेंकरून मासे.

आपल्या समजुतीला हें थोडेंसें उलटें वाटतें. विहिरींत चार मासे किंवा एखादें कासव सोडलें म्हणजे पाणी चांगलें राहतें अशी समजूत आपल्याकडे जुनी आहे, आणि तळ्यांत मासळी भरपूर आहे हें तळें निरोगी असल्याचें लक्षण आपण मानतों. मग मासे काढल्यानें पाणी निवळावें हें कसें ? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षें लागलीं, आणि जें मिळालें तेंही अजून सर्व ठिकाणीं सारखें लागू पडत नाहीं. त्या शोधाची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रथम पाणी हिरवें कां होतें तें पाहूं. शेतकऱ्याला नत्र आणि स्फुरद हीं दोन खतें चांगलीं ठाऊक असतात. पिकाला जें खत तेंच पाण्यांतील सूक्ष्म शैवलांनाही खत. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेंत शहरांचें सांडपाणी वाढलें, कपडे धुण्याच्या पुडींत फॉस्फेट आलें, शेतांत रासायनिक खतांचा वर्षाव होऊं लागला. आणि हें सारें शेवटीं उताराच्या वाटेनें तळ्यासरोवरांत जाऊन पडलें. १९६० च्या सुमारास सरोवरामागून सरोवर हिरवें पडूं लागलें, तेव्हां उपाय उघड दिसत होता : खत बंद करा, म्हणजे पीक आपोआप थांबेल. कांहीं ठिकाणीं हा उपाय उत्तम चालला. अमेरिकेंतील सिएटल शहरानें वॉशिंग्टन सरोवरांत जाणारें सांडपाणी १९६३ ते १९६८ या काळांत दुसरीकडे वळविलें आणि थोड्याच वर्षांत तें सरोवर सुधारलें. पण वॉशिंग्टन सरोवर खोल आहे, जास्तींत जास्त ६५ मीटर. उथळ सरोवरांची प्रकृति निराळी. तेथें वारा सुटला कीं सबंध पाणी तळापर्यंत ढवळून निघतें, तळच्या गाळांत वर्षानुवर्षें सांठलेला स्फुरद पुन्हां पुन्हां वर येतो, आणि नळ बंद केला तरी हौद हिरवाच राहतो. सांडपाणी शुद्ध करण्यावर मोठा खर्च झाल्यानंतरही लोकांना तेंच गढूळ पाणी पाहावें लागलें, आणि त्यांनीं तज्ज्ञांस दोष दिला, यांत नवल नाहीं.

या कोड्याची किल्ली वास्तविक आधींच सांपडलेली होती. पण ती सांडपाण्याच्या तज्ज्ञांच्या हातीं नव्हती, सूक्ष्मदर्शकांतून पाण्यांतील किडे मोजणाऱ्या माणसांच्या हातीं होती. त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियांत लाबे नदीच्या (जर्मन लोक जिला एल्ब म्हणतात) जुन्या, तुटून पडलेल्या पात्रांत अनेक डोह तयार झाले आहेत. यारोस्लाव्ह हर्बाचेक नांवाच्या संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं या डोहांतील पाण्याची तुलना केली. एकाच नदीचे डोह. पण जेथें मासे दाट होते तेथें पाण्यांत तरंगणारे प्राणी बारीक जातीचे होते आणि शैवल जास्त होतें. जेथें मासे विरळ होते तेथें डॅफ्निया जातीचा मोठा जीव भरपूर होता आणि पाणी स्वच्छ होतें. हा निष्कर्ष १९६१ सालीं प्रसिद्ध झाला.

डॅफ्निया हा प्राणी म्हणजे 'पाण्यांतील पिसू'. कोळंबीच्या दूरच्या नात्यांतला, एक ते तीन-चार मिलीमीटर लांबीचा, उड्या मारीत पोहणारा. त्याचा उद्योग एकच : पाणी शरीरांतून गाळावें आणि त्यांतील शैवल खावें. अशा पिसवांची संख्या पुरेशी असली तर वसंत ऋतूंत त्या थोड्या दिवसांत सबंध तळें गाळून काढतात. परंतु लहान माशांना, आणि जवळजवळ सर्वच माशांच्या पिलांना, हें खाद्य फार आवडतें. आणि मासा डोळ्यांनीं शिकार शोधतो, त्यामुळें जो जीव मोठा तो आधीं खाल्ला जातो. मागें उरतात ते बारीक, कमी पाणी गाळणारे. जॉन ब्रूक्स आणि स्टॅन्ली डॉडसन या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं याचा सुरेख पुरावा दिला. कनेटिकट संस्थानांतील क्रिस्टल सरोवराचे १९४२ सालीं घेतलेले नमुने उपलब्ध होते. पुढें त्या सरोवरांत सूक्ष्म जीव खाणारा हेरिंगच्या जातीचा एक मासा आला. १९६४ सालीं पुन्हां नमुने घेतले तेव्हां मोठे जीव जवळजवळ नाहींसे झाले होते. जुने नमुने कोणीं जपून ठेवले नसते तर ही गोष्ट सिद्ध करणें किती कठीण गेलें असतें ! शास्त्राच्या इतिहासांत बाटल्यांवर चिकटविलेल्या चिठ्ठ्यांचाही वांटा असतो.

यावरून उपायाकडे जाण्यास एकच पाऊल उरलें होतें, आणि तें मिनेसोटा विद्यापीठांतील जोसेफ शपायरो यांनीं टाकलें. मासे खाणारे मासे वाढवावे, किंवा पिसवा खाणारे मासे कमी करावे, म्हणजे पिसवा वाढतील, शैवल घटेल आणि पाणी निवळेल, असें त्यांनीं १९७५ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह मांडलें, आणि या पद्धतीस 'बायोमॅनिप्युलेशन' असें नांव दिलें. नांव जिभेला जड आहे. मराठींत आपण त्यास जीवांची हेतुपूर्वक फेरजुळणी म्हणूं. त्याच वेळीं आणखी एक गोष्ट पुढें आली. कार्प जातीचे मासे तळचा गाळ उकरून खातात आणि पचलेल्या गाळांतील स्फुरद पाण्यांत सोडतात. म्हणजे मासा दुहेरी अपराधी ठरला : वर पिसवा खातो आणि खालीं खत काढतो.

आतां पुन्हां हॉलंडकडे वळूं, कारण या विद्येची खरी परीक्षा तेथें झाली. झ्वेमलुस्टसारख्या डबक्यांत यश येणें निराळें आणि हजारों हेक्टरांच्या सरोवरांत येणें निराळें. डच लोकांनीं १९३२ सालीं प्रचंड बांध घालून झाउडरझे नांवाचें समुद्राचें आखात बंद केलें आणि त्यांतून टप्प्याटप्प्यानें शेतजमीन काढली, हें श्रोत्यांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. नवी जमीन जुन्या जमिनीपेक्षां खोल असल्यामुळें दोहोंना थेट चिकटविलें तर जुन्या गांवांतील जमिनीखालचें पाणी ओसरलें असतें; म्हणून दोहोंच्या मध्यें पाण्याचा पट्टा राखण्यांत आला. या पट्ट्यांतूनच कांठची सरोवरें जन्मलीं. व्हेलुवे सरोवर १९५७ सालचें, वोल्डरवाईड त्यानंतर सुमारें दहा वर्षांचें. दोन्ही विस्तीर्ण, आणि दोन्ही इतकीं उथळ कीं उंच माणूस बहुतेक ठिकाणीं उभा राहूं शकेल. व्हेलुवेचीं पहिलीं वर्षें सोन्यासारखीं गेलीं : पाणी आरपार दिसे, तळ वनस्पतींनीं आच्छादलेला, पक्ष्यांची झुंबड. मग सांडपाणी आलें, आणि १९७० च्या आंतबाहेर तेंही आणि पाठोपाठ वोल्डरवाईडही गढूळ झालें.

वोल्डरवाईडचें क्षेत्र सुमारें २,७०० हेक्टर. १९८१ ते १९८९ पर्यंत दर हिंवाळ्यांत कमी स्फुरदाचें पाणी आंत सोडून तें धुऊन काढण्यांत आलें. स्फुरद निम्म्यावर आला, शैवलही निम्म्यावर आलें. पण पाण्यांत पांढरी तबकडी सोडून ती किती खोलीपर्यंत दिसते हें मोजलें, तर उन्हाळ्यांतील अंतर २० सेंटिमीटरांवरून ३० वर आलें होतें, एवढेंच. दहा वर्षांच्या श्रमांचें फळ चार बोटें !

तेव्हां १९९० - ९१ च्या हिंवाळ्यांत कोळी लोकांस बोलावण्यांत आलें. हिंवाळ्यांत मासे दाटीनें एके ठिकाणीं जमतात व जाळ्यांत सांपडणें सोपें जातें. त्या एका हंगामांत ४२५ टन मासे, मुख्यतः ब्रीम आणि रोच या जातींचे, बाहेर काढण्यांत आले. हेक्टरी २०५ किलो मासळी होती ती ४५ किलोंवर आली. मे महिन्यांत पाईकचीं ५,७५,००० पिलें सोडलीं, कीं उरलेल्या माशांच्या नव्या पिढीला त्यांनीं खावें. त्या वसंत ऋतूंत पिसवा वाढल्या आणि जेथें एक फूट दिसत नव्हतें तेथें १.८ मीटरपर्यंत दिसूं लागलें.

हा आनंद सहा आठवडे टिकला. उन्हाळा चढतांच पाणी पुन्हां गढुळलें. पाईकचीं बहुतेक पिलें मेलीं. ज्या वनस्पति झपाट्यानें वाढाव्या अशी अपेक्षा होती त्या वाढल्या नाहींत. एखाद्या उतावळ्या खात्यानें येथेंच अहवाल लिहून फाईल बंद केली असती. सुदैवानें मोजणी चालू राहिली. पुढच्या दोन वर्षांत असें दिसून आलें कीं कारा नांवाची एक वनस्पति उथळ भागांतून हळूहळू पसरत आहे. १९९१ सालीं तिनें व्यापलेलें क्षेत्र २८ हेक्टर होतें. १९९३ सालीं ४३८ झालें. मौज ही कीं कारा स्वतः शैवलांच्याच कुळांतली. पण ती तरंगत नाहीं, तळाशीं हिरवळीसारखी दाट उभी राहते. जेथें तिचा गालिचा तेथें वरचें पाणी नितळ, आणि गालिचा संपला कीं गढूळ. एकाच सरोवरांत नितळ व गढूळ पाणी अशा रीतीनें शेजारीं शेजारीं नांदत होतें, मध्यें कुंपण नसतांना.

ह्या दृश्यानें जो धडा दिला तो मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञानें इतर सहकाऱ्यांबरोबर १९९३ सालीं नीट मांडला. उथळ सरोवराच्या दोन स्थिति असतात आणि दोन्ही स्वतःला टिकवून धरतात. नितळ स्थितींत सूर्यप्रकाश तळापर्यंत पोंचतो, वनस्पति वाढतात, त्या गाळ धरून ठेवतात, लाटा शमवितात, पिसवांना माशांपासून लपण्यास जागा देतात. पाईकही अशाच झुडपांत दबा धरून बसतो, आपल्याकडील मरळ बसतो तसा, आणि लहान माशांस आवरतो. म्हणून पाणी नितळच राहतें. गढूळ स्थितींत प्रकाश खालीं पोंचत नाहीं, वनस्पति नाहींत, पाईकला आडोसा नाहीं व भक्ष्य दिसतही नाहीं. ब्रीमचें राज्य होतें. ब्रीम आपलें तोंड नळीसारखें पुढें काढून गाळ शोषतो, त्यांतले किडे गाळून घेतो आणि चिखल सोडून देतो. हजारों ब्रीम दिवसरात्र हेंच करीत असल्यावर तळाशीं एखादें रोपटें रुजावें कसें? म्हणून पाणी गढूळच राहतें. चिखलांत रुतलेल्या बैलगाडीसारखी ही अवस्था. गाडींतलें ओझें उतरविलें तरी गाडी जागची हलत नाहीं. चाकाला खांदा लावून एक जोराचा हिसका द्यावा लागतो. माशांचें उच्चाटन हा तो हिसका. मात्र ओझें न उतरवितां नुसता हिसका दिला तर गाडी दोन हात पुढें जाऊन पुन्हां रुतते.

आणि हिसका अर्धवट देऊन चालत नाहीं. हॉलंडमधील १८ सरोवरांचा आढावा १९९९ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत असें दिसलें कीं एक-दोन वर्षांच्या आंत तीन-चतुर्थांशाहून अधिक मासे काढले तरच खात्रीचा परिणाम दिसतो. अर्धे काढले तर उरलेल्यांना खाद्य मुबलक मिळतें, त्यांचीं पिलें अधिक जगतात, आणि दोन उन्हाळ्यांत सारें मूळपदावर येतें.

शेजारच्या व्हेलुवेचें भाग्य अधिक चांगलें निघालें. तेथें स्फुरदाचा बंदोबस्त १९७९ पासून झाला होता, कारा पसरूं लागलीच होती, आणि १९९३ च्या सुमारास धंदेवाईक कोळ्यांनीं ब्रीमची मासेमारी जोरांत चालविली. त्या दशकाच्या उत्तरार्धांत सबंध सरोवर निवळलें. वनस्पतींबरोबर पक्षी आले. हिंवाळ्यांत आपल्या जलाशयांवर उतरणारी मोठी लालसरी ही बदकाची जात तेथें पुन्हां दिसूं लागली, कारण कारा हें तिचें आवडतें खाद्य. येथें यशाचें श्रेय कोणाला ? सांडपाणी शुद्ध करणारा अभियंता म्हणेल मला, कोळी म्हणेल मला. माझ्या मतें दोघांचेंही खरें आहे. क्रमानें अभियंता पहिला.

फिनलंडमधील लाहटी शहराची कथा थोडक्यांत सांगतों, कारण तींत एक वेगळी गोम आहे. हें शहर वेसियार्वी सरोवराच्या कांठीं वसलें आहे. १९७६ सालीं शहराचें सांडपाणी सरोवरांत सोडणें बंद झालें, तरी नील-हरित शैवलाचा तवंग दर उन्हाळ्यास येतच राहिला. १९८९ ते १९९३ या पांच वर्षांत शहरालगतच्या भागांतून जवळजवळ १,००० टन रोच व स्मेल्ट मासे ट्रॉल जाळ्यांनीं काढण्यांत आले. तवंग थांबला, पाणी निवळलें; शहराला आपलें सरोवर परत मिळालें. पण संशोधकांनीं पिसवा मोजल्या तर त्या वाढलेल्याच नव्हत्या ! म्हणजे गुण आला तो ठरलेल्या वाटेनें नव्हे. तेथें मुख्य कारण असें दिसलें कीं रोच मासा कांठाशीं व तळाशीं चरून मधल्या पाण्यांत स्फुरद आणून टाकीत होता. तो गेल्यावर ही वाहतूकच थांबली. औषध बरोबर, निदान चूक, आणि रोगी बरा, असा प्रकार वैद्यकांत घडतो तसाच हा. तथापि तो बराही कायमचा झाला नाहीं. नव्या शतकाच्या आरंभीं तवंग पुन्हां दिसूं लागला, आणि सरोवराची निगा राखण्याचें काम तेथें पुढेंही चालू ठेवावें लागलें.

कायमपणाचा हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि तो लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. डेन्मार्कमधील वेंग हें सोळा हेक्टरांचें उथळ सरोवर १९८६ ते १९८८ या काळांत मासे काढून निवळलें. कांहीं वर्षांनीं तें परत गढुळलें आणि २००७ ते २००९ मध्यें तेंच काम पुन्हां करावें लागलें. डेन्मार्क व हॉलंडमधील ७० हून अधिक प्रयोगांचा आढावा २००७ सालीं घेण्यांत आला, तेव्हां असें आढळलें कीं मासे काढलेल्या पुष्कळ सरोवरांत पहिलीं कांहीं वर्षें सुधारणा स्पष्ट दिसते, परंतु आठ-दहा वर्षांनंतर बरींच सरोवरें जुन्या वाटेला लागतात. बाहेरून येणारें खत पुरेसें न तुटणें हें त्याचें एक मोठें कारण.

झ्वेमलुस्टचेंही तेंच झालें, आणि जें झालें तें विनोदी नसतें तर करुण म्हटलें असतें. पाणी निवळल्यावर तळाशीं वनस्पतींचें रान माजलें; वनस्पतींवर गोगलगायी आल्या; गोगलगायींत वाढणाऱ्या एका परोपजीवी किड्यामुळें १९८९ च्या सुमारास पोहणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटूं लागली. ज्या पोहणाऱ्यांसाठीं १९६८ सालीं वनस्पति मारल्या होत्या, त्यांनाच त्या परत आल्यावर खाजवीत बसावें लागलें. शिवाय कोवळ्या वनस्पतींवर चांदवा पक्ष्यांचे थवे तुटून पडले. हा पक्षी आपल्याकडेही तळ्यांवर दिसतो. काळें अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असल्यामुळें कोणी त्यास वारकरीही म्हणतात. नदीचा पाझर चालू होताच. वनस्पति विरळ झाल्या आणि १९९० नंतरच्या कांहीं वर्षांतच शैवल परत आलें.

हें सर्व थंड देशांचें झालें. चीनमध्यें वूहान शहराच्या दोंगहू सरोवरांत अगदीं उलटा मार्ग यशस्वी झाला. तेथें नील-हरित शैवलाचा तवंग दरसालचा होता. तो १९८५ च्या उन्हाळ्यापासून नाहींसा झाला. त्या सुमारास सरोवरांत चंदेरा आणि मोठ्या डोक्याचा कार्प या दोन जातींचे मासे फार मोठ्या संख्येनें सोडलेले होते. हे मासे पिसवांच्या मध्यस्थीची वाट पाहत नाहींत. आपल्या कल्ल्यांच्या चाळणीनें स्वतःच शैवल गाळून खातात. शिये पिंग यांनीं सरोवरांतच कुंपणें घालून प्रयोग केले आणि तवंग जाण्याचें कारण मासेच होते असें दाखविलें. तथापि तवंग जाणें म्हणजे पाणी निवळणें नव्हे. चाळणींतून निसटणारें बारीक शैवल राहतेंच, आणि पाण्यांतील खतही कमी होत नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत कोल्हापूरचा रंकाळा, मुंबईचा पवई तलाव हीं नांवें घेतलीं कीं सांडपाणी, शैवलाचा थर व जलपर्णी हेंच डोळ्यांपुढें येतें. तेव्हां हॉलंडची युक्ति येथें चालेल काय, असें कोणीही विचारील. सरळ उत्तर असें कीं जशीच्या तशी चालण्याची आशा थोडी. उष्ण प्रदेशांतील तळ्यांत मोठ्या जातीची डॅफ्निया विरळा. आमच्या तळ्यांत हिंवाळा माशांची दाटी करून देत नाहीं. कित्येक मासे वर्षांतून एकदांच नव्हे तर अनेकदां वितात. १९५२ सालीं भारतांत आणलेला तिलापिया हें त्याचें ठळक उदाहरण, आज जाळें ओढावें आणि थोड्या महिन्यांत पिलांनीं पाणी पुन्हां भरावें. पाईकसारखा आडोशाचा शिकारी म्हणून मरळ आहे, पण तो गढूळ पाण्यांतही सुखानें राहतो व बाजारांत त्याला चांगला भाव आहे; तळ्यांत सोडलेला मरळ तळ्यांत राहील याची हमी कोणी द्यावी ?

पण एक गोष्ट या परदेशी हकीकतींतून आपल्यालाही थेट लागू पडते, ती म्हणजे तळ्यांत कोणता मासा आहे हें पाहणें. आमच्या तलावांत कटला, रोहू, मृगळ यांच्या जोडीला तीन परके मासे वर्षानुवर्षें सोडले जातात. सायप्रिनस बँकॉकहून १९५७ सालीं आला. चंदेरा व गवत्या १९५९ सालीं आले. मत्स्योत्पादनाच्या दृष्टीनें हे तिघे एकमेकांना पूरक, कारण तिघांचें खाद्य निराळें. पाण्याच्या दृष्टीनें पाहिलें तर सायप्रिनस ब्रीमसारखा गाळ उकरतो, गवत्या तळाच्या वनस्पति खाऊन टाकतो, आणि चंदेरा तेवढा शैवल गाळतो. गांवाला पिण्यासाठीं किंवा नुसतें कांठावर बसून पाहण्यासाठीं ज्या तळ्याचें पाणी नितळ हवें आहे, त्यांत यांतले पहिले दोन कितपत सोडावे हा प्रश्न मत्स्यबीजाची मागणी नोंदवितांना विचारण्यासारखा आहे.